सातबाऱ्याच्या मागचा निजाम

मागच्या दिवाळीत नांदेडला घरी गेलो आणि प्लॉट घ्यायचं खूळ डोक्यात शिरलं. पुण्यात फ्लॅटच्या हप्त्याचं गणित काही जमत नव्हतं, आणि इकडे शहराबाहेर दीड हजार स्क्वेअर फूट चक्क बजेटमध्ये बसत होते. एजंट म्हणाला, "साहेब, सातबारा एकदम क्लिअर आहे." मी मोबाईलवर सातबारा पाहिला, नाव जुळलं, 51 हजार टोकन देऊन मोकळा झालो.

बाबांनी एकच विचारलं, "खासरा काढलास का?"

मी हसलो. 1954-55 सालचा कागद आता कशाला? उत्तर कळायला थोडा इतिहास लागतो. कंटाळू नका, प्रश्न पैशांचा आहे :)

नांदेड आणि लातूर 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात होते. 17 सप्टेंबरला आपण झेंडावंदन करून घरी येतो, पण जमिनीच्या कागदांतून निजाम काही गेलेला नाही. संस्थानात सगळ्या जमिनी सारख्या नव्हत्या. दिवाणी म्हणजे सरकारला सारा भरणारी. सर्फ-ए-खास म्हणजे खुद्द निजामाची खासगी. काही गावं जहागीरदारांची. आणि मग इनामं. मदतमाश म्हणजे कुणाच्या पोटापाण्यासाठी दिलेली जमीन. खिदमतमाश म्हणजे देऊळ, मशीद, दर्गा यांच्या सेवेच्या बदल्यात दिलेली. सेवा करणाऱ्याने पीक खावं, पण जमीन विकू नये, असा हिशोब.

संस्थान गेल्यावर कायदे भराभर आले. 1949 मध्ये जहागिरी रद्द झाल्या. 1950 च्या हैदराबाद कूळ कायद्याने संरक्षित कुळांना मालकीची वाट मोकळी केली. 1954 च्या कायद्याने इनामं रद्द केली, पण धार्मिक संस्थांची इनामं त्यातून वगळली. पुढे महाराष्ट्रात 1961 चा सीलिंग कायदा आला आणि जादा जमिनी भूमिहीनांना वाटल्या गेल्या. या वाटपाने खूप लोकांचं भलं झालं. मात्र अशा बऱ्याच जमिनींना "परवानगीशिवाय विकू नये" ही शेपटी कायमची चिकटली. सातबाऱ्यावर "भोगवटादार वर्ग 2" दिसतं ते हेच.

मग माझ्या जमिनीवर ते का दिसलं नाही? कारण सातबारा ही शेवटची आवृत्ती. आधी काय काय बदललं ते फेरफारात असतं. आमच्या भाषेत सांगायचं तर कमिट लॉग न वाचताच मी कोड घेतला होता. बाबांनी मला तहसीलला नेलं. एकेक फेरफार मागे जात खासऱ्यापर्यंत आलो, त्याच्याही मागचा कागद उर्दूत. बाबांच्या ओळखीच्या एका निवृत्त मास्तरांनी चष्मा पुसला, वाचलं आणि म्हणाले, "बेटा, हे खिदमतमाश आहे." मधल्या कुठल्याशा फेरफारात तो शेरा पुढे उतरवलाच गेला नव्हता. 51 हजारांतले 20 परत मिळाले. उरलेली माझी ट्यूशन फी.

लातूरच्या मामांची गोष्ट वेगळी. त्यांनी शेतातला दोन गुंठ्यांचा तुकडा बाँडवर घेतलाय. बाँड म्हणजे स्टॅम्पपेपरवर नोटरी, बस्स. नुसत्या करारनाम्याने आणि मुखत्यारपत्राने मालकी मिळत नाही, हे सुप्रीम कोर्टाने 2011 मध्ये स्पष्ट सांगितलंय. गुंठेवारी नियमित करायचा कायदा 2001 पासून आहे, पण तो सरसकट माफीनामा नव्हे. मामा दरवर्षी तिथे जाऊन गवत काढून येतात. घर बांधायला कर्ज मिळत नाही.

तर पहिल्यांदा प्लॉट घेणाऱ्यांनो, टोकन देण्याआधी एवढं करा:

1. खासरा पाहणीपासून आजपर्यंतचे सगळे फेरफार काढा. जुन्या कागदात साल फसली असेल तर 590 मिळवा. 1358 फसली म्हणजे साधारण 1948-49.
2. वर्ग 1 की वर्ग 2, आणि "इतर हक्क" रकान्यात काय आहे, ते वाचा. इनाम, कूळ, सीलिंग, वक्फ, देवस्थान यांपैकी एक जरी शब्द दिसला तरी थांबा आणि वकील गाठा.
3. एनएचा आदेश आणि मंजूर लेआउटचा नकाशा स्वतः बघा. झेरॉक्सवर भागवू नका.
4. लेआउट 500 चौरस मीटरपेक्षा मोठा आणि प्लॉट आठपेक्षा जास्त असतील, तर महारेराचा नंबर मागा.
5. बाँड नाही. रजिस्टर्ड खरेदीखतच.
6. नांदेडला गोदावरीची पूररेषा विचारा, लातूरला पाणी. एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. प्लॉट मे महिन्यात बघावा, आणि एकदा भर पावसातही.

बाबा एरवी "मी सांगितलं होतं" म्हणायची संधी सोडत नाहीत. या वेळी म्हणाले नाहीत. तहसीलमधून निघताना फक्त विचारलं, "उर्दू शिकायचं का रे आपण दोघांनी?"

आम्ही अलिफपासून सुरुवात केलीय. प्लॉट अजून घेतलेला नाही.