एक प्रिंटर आणि अनेक बोली



इतिहास म्हटला की लढाया, तह आणि राज्यारोहणे एवढेच आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु घरातल्या साध्या वस्तूंनाही इतिहास असतो, आणि तो ध्यानात आला म्हणजे रोजच्या पुष्कळ अडचणींचा उलगडा होतो. हिंगोली, वसमत वा कळमनुरी येथील एखादे मध्यम स्थितीतील कुटुंब घ्या. मुलाच्या संगणकावर विंडोज ही कार्यप्रणाली, मुलीच्या संगणकावर लिनक्स, वडिलांच्या हाती अँड्रॉइडचा मोबाइल. आणि प्रिंटर मात्र एकच. मुलाचा अर्ज छापून निघतो, मुलीचा निघत नाही. कागद तोच, शाई तीच. मग अडते कोठे? अडते ते भाषेत.

भाषांची ही अडचण आपल्या भागाला नवी नाही. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हिंगोली निजामाच्या राज्यात होती. घरात मराठी, कचेरीत उर्दू आणि जुन्या दप्तरांत मोडी, असा तो काळ. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्रात, आणि १ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा निघाला. एकाच गावात अनेक लिप्यांनी नांदायचे, तर मध्ये कोणी तरी दुभाषा लागतो, हे आपल्या वाडवडिलांना सांगावे लागत नव्हते.

छपाईच्या जुन्या रीती दोन. पहिली खिळ्यांची. विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण १८०५ साली बंगालमधील श्रीरामपूर येथे देवनागरी खिळ्यांनी छापले गेले. त्यांच्या १८१० च्या मराठी कोशासाठी मोडीचे खिळे वापरावे लागले. खिळ्यांच्या छापखान्यात जे अक्षर पेटीत नाही ते कागदावर उमटत नाही. दुसरी रीत शिळाछापाची. गणपत कृष्णाजी यांनी १८३१ साली मुंबईत पंचांग छापले ते शिळेवर. शिळेला लिपी कळत नाही आणि कळण्याची गरजही नसते. तिच्यावर जे चित्र उतरले तेच कागदावर येते. उर्दूची वळणदार नस्तालिक लिपी दीर्घकाळ शिळेला धरून राहिली ती याच कारणाने.

संगणकाचे आरंभीचे प्रिंटर खिळ्यांच्या पंथातले. संगणकाने अक्षराचा सांकेतिक आकडा पाठवावा आणि प्रिंटरने आपल्या पोटातले अक्षर उमटवावे. त्या पोटात मराठी नव्हती. शिवाय प्रत्येक कारखानदाराने आपल्या यंत्राला निराळी आज्ञाभाषा शिकवली. म्हणून प्रत्येक कार्यप्रणालीसाठी प्रत्येक प्रिंटरचा निराळा दुभाषा हवा झाला. त्यालाच आपण ड्रायव्हर म्हणतो. मुलीच्या लिनक्ससाठी कारखानदाराने दुभाषा दिलाच नाही, एवढेच त्या घरातील रडगाण्याचे मूळ.

प्रिंटर वाटून घेण्याची कल्पना महागाईतून जन्मली. ॲपलचा लेझररायटर १९८५ साली बाजारात आला तेव्हा त्याची किंमत सुमारे ७,००० डॉलर होती. एकेका संगणकाला असे यंत्र कोण देणार? म्हणून तारेने अनेक संगणक त्याला जोडण्याची सोय आरंभापासूनच होती. युनिक्स प्रणालीत छपाईची कामे रांगेत लावण्याची पद्धत रूढ होतीच. बर्कलेच्या पद्धतीचे नियम १९९० साली लेखी प्रसिद्ध झाले. विंडोजच्या जगाचे नियम मात्र निराळे होते. ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथे अँड्र्यू ट्रिजेल या विद्यार्थ्याने संगणकांमधील तारेवरचे संदेश न्याहाळून त्या नियमांचा अर्थ लावला. १९९२ च्या सुमारास त्यातून जी आज्ञावली निघाली तिला पुढे ‘सांबा’ हे नाव मिळाले. तिच्यामुळे विंडोज आणि युनिक्स एका प्रिंटरच्या रांगेत उभे राहू शकले.

आपल्या यंत्राचे मर्म झाकून ठेवण्यात कारखानदाराचा व्यापारी हेतू असतो, आणि तो सर्वस्वी अन्याय्य म्हणता येणार नाही. परंतु त्याची किंमत कोण मोजतो? अमेरिकेत १९८० च्या सुमारास रिचर्ड स्टॉलमन यांना प्रयोगशाळेतील झेरॉक्स प्रिंटरची आज्ञावली सुधारायची होती. ती मिळाली नाही. मुक्त आज्ञावलींच्या चळवळीकडे वळण्यामागे हा प्रसंग होता, असे ते सांगत आले आहेत. १९८३ साली त्यांनी आपला संकल्प जाहीर केला.

तोडगा निघाला तो सर्वांनी एक बोली मान्य केल्यावर. इंटरनेटवरील छपाईचे सामाईक नियम १९९९ साली प्रसिद्ध झाले. मायकेल स्वीट यांची ‘कप्स’ ही खुली आज्ञावली त्याच सुमारास आली, आणि ॲपलनेही ती स्वीकारली. २०१० साली एअरप्रिंट आले. अँड्रॉइडसारख्या उपकरणांसाठी २०१३ साली मोप्रिया ही संघटना निघाली. आता नवा प्रिंटर घरच्या वायफायवर आपण होऊन आपली ओळख सांगतो: माझा कागद अमुक, रंग अमुक. संगणक सबंध पान तयार करून धाडतो, पुष्कळदा चित्ररूपानेच. म्हणजे शिळाछापच नव्या वेशात परतला म्हणा ना! जोडाक्षरे संगणकातच जुळतात. प्रिंटरला मराठी येण्याची गरज उरली नाही.

मात्र संगणकाला ती आली पाहिजे. युनिकोडपूर्वीच्या जुन्या फाँटांत लिहिलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर विचित्र चिन्हांचा दिसतो, त्याचा दोष प्रिंटरच्या माथी मारू नये. मजकूर युनिकोडमध्ये असावा, किंवा फाँटसह पीडीएफ करून द्यावा.

आणि जुना प्रिंटर? तो चालता असूनही केवळ नव्या प्रणालीला दुभाषा नाही म्हणून भंगारात जातो, ही खरी हानी होय. ज्या घराने तो पै-पै साठवून घेतला, त्याला दुसरा घेणे सोपे नसते. अशा वेळी लिनक्सवर त्या प्रिंटरचा ड्रायव्हर मिळत असेल, तर एखाद्या जुन्या संगणकावर कप्स बसवून प्रिंटर त्याला जोडावा. घरातील इतर यंत्रांना तो सामाईक बोलीतच उत्तर देतो. दुभाषा प्रत्येकाच्या दारी न ठेवता एकाच ठिकाणी ठेवला, एवढेच.

तात्पर्य, विहीर गावाची असली तरी तिच्यावरचा दोर एकाच घराच्या कुलपात असेल, तर ती गावाची राहत नाही. यंत्र विकत घेताना त्याची बोली सर्वांसाठी खुली आहे किंवा नाही, हे विचारण्याची सवय आपण लावून घेतली पाहिजे.