चार महिन्यांचं बेट

महाड आणि पोलादपूर समुद्रात नाहीत, तरी जुन्या काळी दर वर्षी चार महिने त्यांचं बेट व्हायचं. पूर्वेला सह्याद्रीचा कडा, पश्चिमेला सावित्रीची खाडी. आषाढ लागला की घाट निसरडे होत, बैलाचा खूर टिकत नसे. तिकडे खलाशी होड्या ओढून शाकारून ठेवत, त्या थेट नारळी पौर्णिमेपर्यंत. येणारं सैन्य पावसाआधी आलं पाहिजे आणि आत असणाऱ्याने चार महिन्यांची बेगमी केलेली पाहिजे. इथल्या लढायांचा हा साधा हिशेब आहे. चला, तो हिशेब सतराशे-अठराशे वर्षं मागे जाऊन तपासू.

गांधारपाले, इसवी सनाचं दुसरं-तिसरं शतक

तुम्ही महाडजवळ डोंगराच्या कुशीत कोरलेल्या लेण्याच्या ओट्यावर बसला आहात. शेजारच्या खोदकामातून छिन्नीचा आवाज येतोय, दगडाची कपची तुमच्या पायाशी येऊन पडतेय. इथल्या एका लेण्याचा दाता आहे कानभोज विष्णुपालित नावाचा राजकुमार. त्याने दान कोरून ठेवलंय, म्हणून त्याचं नाव आपल्याला कळतं.

खाली पाहा. गांधारी नदी सावित्रीला मिळते तिथून भरतीचं पाणी वर चढतंय आणि त्या पाण्यावर बसून गलबतं बंदराकडे येतायत. इथून पुढे माल बैलांच्या पाठीवर चढणार आणि घाटाने देशावर जाणार. एकही तलवार दिसत नाही. तरी पुढच्या सगळ्या युद्धांचं कारण तुमच्या डोळ्यांसमोरून जातंय: खाडी ते घाटमाथा ही वाट, आणि त्या वाटेवरची जकात.

जावळी आणि रायरी, 1656

आता तुम्ही जावळीच्या रानात आहात. दिवसाही अंधारून यावं अशी झाडी. इथे चंद्रराव मोऱ्यांचा अंमल आहे. चंद्रराव हा किताब, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला. आदिलशाहीचे चाकर म्हणवत असले, तरी या रानात मोरे म्हणतील ती पूर्व दिशा. घाटाच्या वाटा त्यांच्या हातात आहेत, हे त्याचं कारण.

जानेवारीत शिवाजीराजे जावळी घेतात. चंद्रराव निसटून रायरीच्या डोंगरावर जातो आणि उन्हाळ्यात रायरीही राजांच्या हाती येते. महिने मोजा. पौषात सुरू झालेलं काम पाऊस पडायच्या आत उरकलंय. लगेच भोरप्याच्या डोंगरावर मोरोपंत पिंगळे प्रतापगड बांधायला घेतात. पार घाटावर नजर ठेवायला याहून चांगली जागा नाही. रायरीचा पुढे रायगड होतो. म्हणजे एका हंगामात घाटाचं दारही हातात आलं आणि खाडीच्या डोक्यावरचा डोंगरही.

पार घाटाच्या पायथ्याशी, 10 नोव्हेंबर 1659

तुम्ही पोलादपूरच्या अंगाला, घाट चढायच्या आधी थांबला आहात. भात कापून झालंय, खाचरांत पेंढे उभे आहेत. दसरा उलटून जवळजवळ दोन महिने झालेत. मोहिमांचे दिवस हेच. विजापूरचा अफझलखान वाईहून निघून घाटापलीकडे पार गावाशी उतरलाय. उघड्या मैदानात त्याच्या घोडदळापुढे आणि तोफांपुढे कुणाचा टिकाव लागला नसता. म्हणून त्याला मैदानातून उचलून या रानात आणलंय. तो बोलणी करायला आलाय असं समजतो. त्याचे हत्ती, त्याच्या जड तोफा, त्याची घोडी या वाटांवर नुसती ओझं झालीयेत.

दुपारी प्रतापगडावरून तोफेचा बार होतो. एवढ्या लांब तुम्हाला तो ढगाच्या गडगडाटासारखा ऐकू येतो. मोसम मात्र ढगांचा नाही. रानात दबा धरून बसलेल्यांसाठी ती खूण होती. खान मारला गेलाय, पारची छावणी चारी बाजूंनी घेरली गेलीय. खरं नवल त्यानंतर आहे. जिंकलेले लोक इथे विसावत नाहीत. समोर अख्खा कोरडा हंगाम पडलाय. अठरा दिवसांत पन्हाळा हाती येतो. पाऊस पुन्हा यायच्या आत जेवढा मुलूख मारता येईल तेवढा मारायचा, हे गणित राजांना पाठ आहे.

घाटाखालीच उमरठ आहे, तानाजी मालुसऱ्यांचं. फेब्रुवारी 1670 मध्ये कोंढाण्यावर ते पडतील आणि त्यांचा देह मढे घाटाने या गावी आणला, असं लोक सांगत राहतील. समाधी आजही इथेच आहे. देशावरच्या गडासाठी कोकणातल्या खोऱ्याने माणूस दिला, तो याच वाटांच्या जोरावर.

रायगड, 1689

या वेळी तुम्ही गडावर आहात, आत कोंडलेले. मार्चमध्ये संभाजीराजांना औरंगजेबाने मारलंय आणि महिना संपायच्या आत झुल्फिकारखानाचा वेढा पडलाय. गडावर राजघराणं आहे. येसूबाई निर्णय घेतात: सगळे एका जागी सापडायचे नाहीत. एप्रिलच्या सुरुवातीला राजाराममहाराज गडावरून निसटतात आणि प्रतापगड गाठतात. पुढे ही वाट त्यांना जिंजीपर्यंत नेणार आहे. येसूबाई आणि लहानगे शाहू मागे राहतात.

मग पाऊस येतो. धुकं इतकं, की गंगासागराच्या काठावरून समोरचे मनोरे दिसत नाहीत. सरपण ओलं, कपडे ओले, अंबारखान्यातल्या धान्याला कुबट वास. खाली मोगलांचे तंबू चिखलात उभे आहेत. आजवरचा अनुभव सांगतो की शत्रू आता उठून जाईल. तो उठत नाही. बेटाचा कायदा दोन्हीकडून लागतो, हे तुम्हाला या चार महिन्यांत कळतं. त्यांना हलता येत नाही, तशी तुमच्या मदतीलाही फौज येऊ शकत नाही. नोव्हेंबरमध्ये, पाऊस संपल्यावर, गड मोगलांच्या हाती जातो. पुढे तो सिद्दीकडे जाईल आणि 1733 मध्ये परत मराठ्यांकडे येईल.

महाड, 1796 आणि 1802

पेशवाईत हेच बेट पुण्याच्या माणसांची लपायची जागा झालंय. 1796 च्या पावसाळ्यात नाना फडणवीस महाडला येऊन राहिलेत. पुण्यात शिंद्यांचा दबाव आहे आणि घाट उतरून कुणी मागे यावं असे हे दिवस नाहीत. पाऊस नानांची तटबंदी झालाय आणि नाना वाड्यात बसून पत्रं लिहितायत. ऑक्टोबरमध्ये निजामाशी महाडचा तह होतो. खर्ड्याच्या लढाईत जिंकलेलं बरंचसं कागदावर परत दिलं जातं, आणि थोड्याच दिवसांत नाना पुन्हा कारभारी म्हणून पुण्यात पोचतात.

सहा वर्षांनी दुसरे बाजीराव येतात तेव्हा मोसम वेगळा आहे. 1802 च्या ऐन दिवाळीत यशवंतराव होळकरांनी त्यांना हडपसरला हरवलंय. घाट उतरून ते महाडला पोचतात. पाऊस गेलाय, दर्या मोकळा झालाय. ते हर्णैकडे सरकतात, तिथून इंग्रजांच्या जहाजाने वसईला. डिसेंबरच्या अखेरीस वसईचा तह. नानांना बंद वाटांनी वाचवलं. बाजीरावांना उघड्या समुद्राने थेट इंग्रजांच्या दारात नेऊन सोडलं.

पोटल्याचा डोंगर, मे 1818

उन्हाची काहिली. कर्नल प्रॉथरची इंग्रज फौज तळा, घोसाळा, मानगड घेत महाडात पोचलीय. इथून पूर्वेला कांगोरीचा गड आहे. पुण्याजवळ पकडलेले हंटर आणि मॉरिसन हे दोन इंग्रज अधिकारी तिथे कैदेत होते, मग त्यांना वासोट्यावर हलवलं.

तुम्ही पोटल्याच्या डोंगरावर, तोफखान्याच्या मागे उभे आहात. रायगड समोर, दरीपलीकडे. शिवाजीराजांनी राजधानीला ही जागा निवडली तेव्हा इतक्या लांबून, इतक्या उंचावर मारा करणारी तोफ इथे चढवेल कोण, हा प्रश्नच होता. दीडशे वर्षांत तोफ बदललीय. उखळी तोफेचा गोळा आकाशात चढतो, दरीवरून जातो आणि तटाच्या आत पडतो. तट शाबूतच राहतो, आग आत लागते. वाड्यांचं लाकूड उन्हाने वाळून खडखडीत झालंय. राजधानीचे वाडे तुमच्या डोळ्यांदेखत पेटतायत. गडावर बाजीरावांच्या पत्नी वाराणसीबाई आहेत, शिबंदीत अरब आहेत. 10 मेला गड इंग्रजांना मिळतो.

मृगाला महिनाही उरलेला नाही. पावसात ही तोफ या डोंगरावर चढली नसती आणि वाडेही असे पेटले नसते. इंग्रजांना ते ठाऊक आहे, म्हणून तर ही घाई. 3 जूनला बाजीराव शरण जातात.

दासगाव, 25 डिसेंबर 1927

खाडीच्या धक्क्यावर तुम्ही उतरता. मुंबईहून 'पद्मावती' बोटीने निघालेल्या मंडळींत डॉ. बाबासाहेब आंबेडकर आहेत. रस्त्याने यायची सोय नीट होईना, म्हणून त्यांनी गलबतांची जुनी वाट धरलीय. दासगावहून महाड पायी.

लढायांच्या सफरीत हा थांबा कशाला, असं वाटेल. सोबत चालणाऱ्यांकडे पाहा. यांत पलटणीत नोकरी केलेल्यांची घरं पुष्कळ आहेत. कंपनीच्या काळापासून या भागातले महार शिपाई मुंबई लष्करात होते. फौजेने त्यांना अक्षर दिलं, पेन्शन दिली आणि कवायतीत ताठ उभं राहायची सवय दिली. मग 1890 च्या दशकात त्याच सरकारने त्यांची भरती बंद केली. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर, स्वतः निवृत्त शिपाई, तेव्हा अर्ज आणि लेख लिहीत होते. बाबासाहेब सुभेदार रामजींचे चिरंजीव. गावात पाण्याला हात लावू न देणाऱ्यांनी ज्यांना दुबळं समजलं, ते शिस्तीत वाढलेले लोक होते.

20 मार्चला चवदार तळ्याचं पाणी पिऊन झालंय. आज मनुस्मृती जाळली जाणार आहे. या मोहिमेत हत्यार नाही, पण रांग आहे आणि हुकूम पाळणं आहे. तळ्याचा निकाल 1937 मध्ये हायकोर्टात लागेल. महार रेजिमेंट 1941 मध्ये उभी राहील. याच तालुक्यातलं फौजी आंबवडे तर पिढ्यान्‌पिढ्या सैन्यात पोरं धाडत आलंय. गावाच्या नावालाच फौज चिकटली आहे.

महाड, 22 जुलै 2021

हायवे झाला, घाटात डांबर आलं, म्हणून बेट संपलं असं तुम्हाला वाटत होतं. आज बाजारपेठेत पहिल्या मजल्याला पाणी टेकलंय. दरडींनी रस्ते अडलेत, फोन लागत नाहीत. तळियेत डोंगर घसरून आख्खी वाडी गाडली गेलीय, पोलादपूरकडेही दरडी कोसळल्यात. नौदल, लष्कर, एनडीआरएफ सगळे निघालेत. पण रस्ते बंद, हेलिकॉप्टरला ढग आडवे. बाहेरून येणाऱ्या फौजेला पावसाळी महाडात शिरणं अवघड, हे मोगलांना ठाऊक होतं, तेच आपल्या मदतपथकांना कळतंय.

त्यानंतर पावसाळ्यात एनडीआरएफची तुकडी आधीच महाडात आणून ठेवायला सुरुवात झाली. हे शहाणपण नवं नाही. रायगडावर दाणागोटा उन्हाळ्यातच चढत असे, कारण आषाढात तो चढवणार कोण? म्हणून होड्या, डॉक्टर, डिझेल आणि माणसं मे महिन्यातच महाड-पोलादपुरात पोचली पाहिजेत. जुलैत निघालेली मदत मोजायची ती उशीर म्हणूनच.