तळटीप २३ : ‘मद्रासहून आलेली गोष्ट’

२३. इथे लेखकाची गफलत झाली आहे. वालचंदनगरच्या कॉलनीतल्या तमिळ शेजाऱ्यांनी सांगितलेली ‘मद्रासची गोष्ट’ मुळात आपलीच. जयंत देवकुळे यांच्या ‘आशा परत येते’ या कादंबरीवरून राजा परांजपे यांनी १९६४ साली ‘पाठलाग’ हा चित्रपट काढला. त्याचा तमिळ अवतार म्हणजे के. आर. विजया यांची दुहेरी भूमिका असलेला ‘इदय कमलम्’ (१९६५). राज खोसला यांचा हिंदी ‘मेरा साया’ त्यानंतरचा, १९६६चा. तरी हिंदीने तमिळची नक्कल केली, हा शेजाऱ्यांचा दावाही टिकत नाही. दोघांचे मूळ मराठीच.

भुताटकी नसूनही गोष्ट अंगावर येते. बायकोला स्वतःच्या हाताने अग्नी दिलेला वकील आणि समोर, आरोपीच्या पिंजऱ्यात, हुबेहूब तोच चेहरा. नवराबायकोलाच ठाऊक असलेल्या खाजगी गोष्टी ती भर कोर्टात सांगू लागते, तेव्हा वकील तिची उलटतपासणी घेतोय की स्वतःच्या डोक्याची, हेच कळेनासे होते. ‘पाठलाग’मध्ये काशिनाथ घाणेकरांनी ती चलबिचल झकास उभी केली आहे. उकल मात्र जुळ्या बहिणीची, म्हणजे जरा सोपीच. तमिळ शेजाऱ्यांसाठी लेखकाने ‘मद्रासी’ लिहिले आहे. मूळ शब्द तसाच ठेवला.