तिजोरी, ट्रंक आणि वाटणीपत्र

"साहेब, तुम्ही बँकेत होता. घरी कागदपत्रांसाठी तिजोरी कोणती घ्यावी?" आपल्या सोसायटीतल्या निदान आठ-दहा जणांनी मला हे विचारले असेल. स्मरणिकेच्या निमित्ताने एकदाच उत्तर देतो, पण थोडे मागून सुरू करतो.

पूर्वी आपल्याकडे कागद रुमालात बांधत. पेशव्यांचे दप्तर असेच कापडी रुमालांत राहिले. १८९१ मध्ये पुण्यात त्यासाठी दगडी इमारत उभी राहिली आणि पुढे गो. स. सरदेसाईंनी १९३० ते १९३४ मध्ये त्यातून निवडक कागदांचे ४५ खंड काढले. हे कागद टिकले, कारण ते सांभाळणारी माणसे होती.

लोखंडी तिजोरी आली ती विलायतेहून. मग आर्देशीर गोदरेज यांनी १८९७ साली मुंबईत कुलपे करायला घेतली आणि १९०२ साली तिजोरी. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबई गोदीत 'फोर्ट स्टिकिन' या दारूगोळ्याच्या जहाजाचा स्फोट झाला. आसपासची गोदामे, पेढ्या जळाल्या, पण त्यांच्या तिजोऱ्यांतला ऐवज शाबूत निघाला. तेव्हापासून आपल्याकडे साधे लोखंडी कपाटसुद्धा 'गोदरेज'च झाले! पण आगीत टिकणारी पेटी पाण्यात टिकेलच असे नाही. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले, तेव्हा पुण्यात कपाटातले कागद कपाटातच चिखल झाले.

आता आमच्या वरकुट्याची गोष्ट. १९८० साली उजनी धरण पूर्ण झाले. जुन्या पळसदेवसारखी गावे पाण्यात गेली, आणि त्याच पाण्यावर आमच्या भागात ऊस उभा राहिला. ज्या रानाला कोणी विचारत नव्हते त्याला भाव आला. वडील आणि चुलते यांनी त्याआधीच पंचांसमोर स्टँप पेपरवर वाटणीपत्र केले होते. नोंदणी केली नाही. "भावाभावांत कशाला?" असे वडील म्हणाले. कागद पत्र्याच्या ट्रंकेत, ट्रंक माळ्यावर.

दोघेही गेले. मग बांधावरून चुलतभावाचे आणि माझे वाजले. मी ऐटीत म्हणालो, कागद आहे. ट्रंक उतरवली. आत वाळवीची माती आणि स्टँपचा एक कोपरा! अख्खी नोकरी मी लोकांची गहाणखते दोन किल्ल्यांच्या स्ट्राँगरूममध्ये जपली, एक किल्ली मॅनेजरकडे, एक हेड कॅशियरकडे. आणि स्वतःच्या घरची ट्रंक वीस वर्षे उघडली नाही. दिव्याखाली अंधार तो हाच. चुलतभाऊही खोटे बोलत नव्हता, त्याच्या वडिलांनी सांगितले तेच तो सांगत होता. आठ वर्षे कोर्टात गेली, शेवटी तडजोड झाली. बांध मिटला, पण आठ दिवाळ्या आम्ही एकमेकांच्या दारात गेलो नाही, त्या कोण भरून देणार?

तर आता उत्तर. आधी कागद निवडा. सातबारा पुन्हा मिळतो, नोंदवलेल्या खरेदीखताची नक्कल मिळते. मृत्युपत्र, नोंदणी नसलेला करार, शेअर सर्टिफिकेट, मूळ खरेदीखत यांची जागा मात्र पक्की हवी. नोंदणी करता येण्यासारखे असेल ते आधी नोंदवून घ्या.

तिजोरी घेताना दुकानदाराला विचारा, ही चोरासाठी की आगीसाठी? दोन्ही वेगळ्या. नुसता जाड पत्रा आगीत तव्यासारखा तापतो. कागदासाठीच्या तिजोरीची एक कसोटी अशी, की बाहेर तासभर नऊशे अंशांवर आग असली तरी आत १७७ अंशांच्या वर जाता कामा नये. पेन ड्राइव्ह मात्र त्याच्या कितीतरी आधी जातो. अशा तिजोरीच्या भिंतीतल्या मसाल्यात पाण्याचा अंश असतो, म्हणून आत दमटपणा येतो. कागद प्लास्टिकच्या पाकिटात ठेवा, सोबत सिलिका जेलची पुडी टाका. हलकी तिजोरी भिंतीला किंवा फरशीला बोल्टने आवळा, नाहीतर चोर ती तशीच उचलून नेईल.

कमिटीलाही एक विनंती. सोसायटीचे नोंदणी प्रमाणपत्र, कन्व्हेयन्स, मंजूर नकाशे यांची यादी करा, स्कॅन करून ठेवा आणि किल्ल्या दोघांकडे द्या. पदाधिकारी बदलले की कपाटाची किल्ली शोधत फिरायची वेळ येऊ नये.

मी आता छोटी तिजोरी घेतली आहे. दुसरी किल्ली सौभाग्यवतींकडे असते, आत काय आहे ते मुलांना ठाऊक आहे. दर दसऱ्याला सगळे कागद बाहेर काढून हवा दाखवतो. गेल्या दसऱ्याला चुलतभाऊ सोने द्यायला आला, तेव्हा कागद पसरलेलेच होते. तडजोडीचा कागद त्याने उचलला, वाचला आणि नीट घडी घालून परत पाकिटात ठेवला.