पेट्रोल की डिझेल? एका जुन्या प्रश्नाची गोष्ट

एका रविवारी सकाळी लीड्सहून मुलीचा फोन आला. "बाबा, नवी गाडी घ्यायची आहे. पेट्रोल घेऊ की डिझेल? इलेक्ट्रिकचं सांगू नका, आमच्या फ्लॅटला चार्जिंगची सोय नाही. आणि प्लीज, एका वाक्यात सांगा."

आता मेकॅनिकल इंजिनिअर बापाला इंजिनाबद्दल एका वाक्यात बोल म्हणणं म्हणजे कीर्तनकाराला पूर्वरंग वगळून थेट आरती घ्यायला सांगण्यासारखं. मी म्हटलं, "दोन दिवस दे." ती हसली. पण खरं कारण वेगळं होतं. हाच प्रश्न २००८ साली मला पडला होता, आणि तेव्हा मी दिलेलं उत्तर चुकलं होतं. दोन दिवसांत जे मनात आलं, ते दिवाळी अंकाच्या निमित्ताने मांडतो आहे.

गोष्टीची सुरुवात आपल्या इथल्याच किनाऱ्यापासून करू. २९ सप्टेंबर १९१३ च्या संध्याकाळी बेल्जियममधल्या अँटवर्पहून 'ड्रेस्डेन' नावाची बोट एसेक्समधल्या हारिचकडे निघाली. बोटीवर पंचावन्न वर्षांचा एक जर्मन इंजिनिअर होता, रुडॉल्फ डिझेल. लंडनला कंपनीच्या बैठकीसाठी चालला होता. रात्री जेवला, सकाळी सव्वासहाला उठवा असं सांगून केबिनकडे गेला. सकाळी केबिनमध्ये बिछाना तसाच, न मोडलेला. डेकवर टोपी आणि ओव्हरकोट. माणूस नाही. काही दिवसांनी एका डच बोटीला समुद्रात प्रेत सापडलं. खिशातल्या वस्तू मुलाने ओळखल्या. आत्महत्या, अपघात की घातपात, याचा निकाल आजतागायत लागलेला नाही. तो कर्जात बुडालेला होता, एवढं मात्र नक्की.

लंडन त्याला नवं नव्हतं. जन्म पॅरिसचा, १८५८ चा. १८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशियाचं युद्ध पेटलं तेव्हा या जर्मन कुटुंबाला पॅरिस सोडून लंडनला यावं लागलं. बारा वर्षांच्या मुलाला पुढे शिक्षणासाठी आउग्सबुर्गला नातेवाइकांकडे पाठवून दिलं. परदेशात बिऱ्हाड हलवण्याचे हाल आपल्यापैकी पुष्कळांना सांगायला नकोत.

पेट्रोलचं इंजिन तोपर्यंत जन्माला यायचं होतं. निकोलस ओटोने १८७६ मध्ये चार स्ट्रोकचं इंजिन यशस्वी केलं, ते कोळशाच्या गॅसवर चालायचं. कार्ल बेंझने १८८६ मध्ये तीन चाकी मोटारीचं पेटंट घेतलं. १८८८ मध्ये त्याची बायको बेर्था नवऱ्याला न सांगता दोन मुलांना घेऊन त्या गाडीतून मानहाइमहून माहेरी फोर्झहाइमला गेली. वाटेत इंधन संपलं तेव्हा तिने ते वीस्लोख गावातल्या औषधाच्या दुकानातून विकत घेतलं. पेट्रोल पंप नावाची वस्तूच नव्हती. डाग काढायला वापरतात तसलं ते हलकं तेल होतं.

डिझेलच्या डोक्यात मोटार नव्हतीच. त्याचा राग होता वाफेच्या इंजिनावर. कोळशातल्या उष्णतेचा दहावा हिस्सासुद्धा बहुतेक वेळा कामी यायचा नाही, बाकी सगळा धुराड्यातून आभाळात. त्याने हिशोब मांडला: हवा इतकी दाबायची की ती आपोआप तापेल, आणि त्या तापलेल्या हवेत तेल सोडलं की ठिणगीशिवाय पेट घेईल. पेटंट १८९३ मध्ये मिळालं. मग आउग्सबुर्गच्या कारखान्यात चार वर्षं नुसते प्रयोग. पहिल्याच प्रयोगात स्फोट होऊन जीव वाचला तो नशिबाने. अखेर १७ फेब्रुवारी १८९७ ला प्राध्यापक मोरित्स श्रोटरने अधिकृत चाचणी घेतली. इंधनातल्या उष्णतेपैकी २६ टक्क्यांहून जास्त उष्णतेचं काम झालेलं दिसलं. त्या काळात ही क्रांतीच होती.

दोन इंजिनांतला फरक इथेच आहे, आणि मुलीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तरही. पेट्रोलच्या इंजिनात हवा साधारण दहापट दाबतात आणि प्लगच्या ठिणगीने पेटवतात. जास्त दाबलं तर ते वेळेआधीच पेट घेतं, ठोके ऐकू येतात. डिझेलमध्ये आत फक्त हवा असते, म्हणून ती सोळा ते वीसपट दाबता येते. जितकं जास्त दाबाल तितकं इंधनातून जास्त काम निघतं. शिवाय एक लिटर डिझेलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा मुळातच थोडी जास्त शक्ती असते. म्हणून डिझेलची गाडी लिटरमागे जास्त पळते.

पण फुकट काहीच मिळत नाही. जास्त दाब आणि जास्त उष्णतेत हवेतला नायट्रोजनही जळतो आणि नायट्रोजन ऑक्साइड तयार होतात, छातीला घातक. तेल नीट मिसळलं नाही तर काजळी होते ती वेगळीच. पेट्रोलच्या गाडीत १९९३ च्या सुमारास युरोपभर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला आणि हे वायू पुष्कळसे आटोक्यात आले. तो कन्व्हर्टर हवा आणि इंधनाचं प्रमाण अगदी नेमकं असेल तरच काम करतो. डिझेलच्या धुरात हवा नेहमीच जास्त, त्यामुळे तिथे तो नायट्रोजन ऑक्साइडना हातच लावू शकत नाही. पुढच्या सगळ्या महाभारताचं मूळ या एका गोष्टीत आहे.

पेट्रोलही काही धुतल्या तांदळासारखं नव्हतं. इंजिनाचे ठोके थांबवण्यासाठी १९२१ मध्ये अमेरिकेत शिशाचं संयुग सापडलं आणि पुढची ऐंशी वर्षं जगभरची मुलं शिशाचा धूर हुंगत वाढली. ब्रिटनमध्ये आणि भारतात शिशाचं पेट्रोल बंद व्हायला २००० साल उजाडलं.

डिझेल इंजिन आधी जहाजांत गेलं, मग ट्रकमध्ये. विक्रीसाठी बनवलेली पहिली डिझेल मोटार, मर्सिडीज २६० डी, १९३६ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात आली. ती टॅक्सीवाल्यांना आवडली. बाकीच्यांना तो आवाज, तो वास आणि ती सुस्ती नको होती.

आणि आपल्याकडे? माझं बालपण कऱ्हाडजवळच्या खेड्यातलं. विहिरीवर किर्लोस्करचं इंजिन होतं. लक्ष्मणरावांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली ती नांगरांसाठी. १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स निघाली आणि मग इंजिन महाराष्ट्राच्या शिवारात पोचलं. पहाटे वडील हँडल मारायचे. चार-पाच फेरे दिले की काळ्या धुराचा एक भपका, आणि मग दिवसभर तो ठेका, फट् फट् फट्. त्या आवाजावर आमचा ऊस वाढला आणि त्या उसावर माझं इंजिनिअरिंग झालं. डिझेलचा वास आजही नाकात गेला की मला आधी वडील आठवतात. खरं सांगतो, २००८ मध्ये मी चुकलो त्याला हेही एक कारण असावं.

गंमत म्हणजे खुद्द डिझेलला हेच हवं होतं. मोठ्या कारखानदारांच्या वाफेच्या इंजिनापुढे छोटा कारागीर टिकावा, म्हणून त्याला लहान, काटकसरी इंजिन हवं होतं. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात त्याच्या जातीचं एक इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखवलं होतं. भुईमूग आणि विहीर! त्याला आमचं शिवार दाखवायला हवं होतं.

भारतात सरकारने शेतकरी, एसटी आणि ट्रकसाठी डिझेल मुद्दाम स्वस्त ठेवलं. त्याचा फायदा पुढे मोठ्या गाडीवाल्यांनी उचलला. २०१२ च्या उन्हाळ्यात दिल्लीत पेट्रोल लिटरला ७० रुपयांच्या वर गेलं होतं आणि डिझेल ४१ च्या आसपास होतं. मग कोण पेट्रोल घेईल? ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे भाव सरकारी बंधनातून मुक्त झाले आणि फरक कमी झाला. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ नियम आले तेव्हा मारुतीने डिझेलच्या मोटारी बनवणंच थांबवलं.

ब्रिटनची कथा वेगळी. इथे डिझेल सहसा स्वस्त नव्हतं. इथे लोकांना डिझेलकडे वळवलं ते पर्यावरणाच्या नावाने. १९९७ मध्ये क्योटोचा करार झाला. १९९८ मध्ये युरोपातल्या मोटार कंपन्यांनी कार्बन डायऑक्साइड कमी करण्याचं वचन दिलं. मार्च २००१ पासून गॉर्डन ब्राउन यांच्या खात्याने नव्या मोटारींचा रोड टॅक्स किलोमीटरमागच्या कार्बन डायऑक्साइडवर लावला. डिझेल त्यात आपोआप पुढे. २००० मध्ये नव्या गाड्यांपैकी साधारण सातातली एक डिझेल होती. २०१२ मध्ये निम्म्याहून जास्त.

धोका कोणाला माहीत नव्हता का? होता. १९९३ मध्येच सरकारच्या तज्ज्ञ गटाने अहवाल दिला होता की डिझेल मोटारी वाढल्या तर शहरांची हवा बिघडेल. पण त्या वेळी मोजमाप एकाच वायूचं चाललं होतं. जे मोजलं त्याला सवलत मिळाली, जे मोजलं नाही ते मुलांच्या छातीत गेलं. त्या काळातले एक मंत्री लॉर्ड ड्रेसन यांनी २०१५ मध्ये ही चूक झाल्याचं जाहीरपणे कबूल केलं.

मी त्याच लाटेत होतो. २००८. हॅरोमधलं घर, मुलं शाळेत. डिझेलच्या गाडीला वर्षाला ३५ पौंड टॅक्स, तशाच पेट्रोलच्या गाडीला १४५. मी बायकोला कागदावर गणित मांडून दाखवलं. ती म्हणाली, "आपण गाडी चालवतो किती? शाळा, स्टेशन आणि महिन्यातून एकदा मंडळ." मी म्हटलं, "तुला थर्मोडायनॅमिक्स कळत नाही." हे वाक्य मला अजून ऐकवलं जातं.

दोन-तीन वर्षांत डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. काजळी अडवणारा फिल्टर तुंबला होता. तो साफ व्हायला धूर खूप तापावा लागतो, आणि दीड मैलाच्या शाळेच्या फेरीत इंजिनच नीट तापत नाही. गॅरेजवाल्याने उपाय सांगितला, आठवड्यातून एकदा मोटरवेवर अर्धा तास पिटाळा. मग काय, दर रविवारी मी विनाकारण एम-४० वर जाऊन परत यायचो, पर्यावरणपूरक गाडीचा फिल्टर जाळण्यासाठी पर्यावरणाचं तेल जाळत!

हसू आलं तरी पुढचं हसण्यासारखं नाही. धाकट्याला दमा होता. शाळेच्या फाटकाशी रोज सकाळी आम्ही पालक रांगेत इंजिन चालू ठेवून उभे असायचो, निम्म्याअधिक डिझेल. जून २०१२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने डिझेलचा धूर कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकला, ती बातमी मी वाचली आणि दुसऱ्या दिवशी त्याच रांगेत जाऊन उभा राहिलो. त्याचा दमा माझ्या गाडीमुळे झाला असं कोणी डॉक्टर म्हणाला नाही, आणि मीही म्हणत नाही. पण डिसेंबर २०२० मध्ये लंडनच्या एका कॉरोनरने लुइशममधल्या नऊ वर्षांच्या दमेकरी मुलीच्या मृत्यूला प्रदूषित हवाही कारण होती, असा निकाल दिला. त्या रात्री मला झोप लागली नाही.

मधल्या काळात २०१५ चं फोक्सवागन प्रकरण झालं. गाडीतला संगणक चाचणी ओळखायचा, तेव्हा सभ्य वागायचा आणि रस्त्यावर आला की मोकाट सुटायचा. अशा १ कोटी १० लाख गाड्या जगभर होत्या. हे बिंग ज्यामुळे फुटलं ती रस्त्यावरची मोजणी वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या एका छोट्या गटाने केली होती, आणि त्यात हेमंत कप्पन्ना व अरविंद तिरुवेंगडम हे आपले दोन भारतीय होते. डिकीत यंत्र ठेवून मैलोन्‌मैल गाडी चालवायची आणि आकडे लिहायचे, एवढंच त्यांनी केलं. रुडॉल्फ डिझेलच्या प्राध्यापकानेही १८९७ मध्ये तेच केलं होतं, प्रामाणिकपणे मोजलं होतं.

२९ ऑगस्ट २०२३ ला लंडनचा स्वच्छ हवेचा विभाग हॅरोपर्यंत आला. जुन्या डिझेलला दिवसाला साडेबारा पौंड. पेट्रोलची गाडी २००६ ची असली तरी बहुधा चालते, डिझेल मात्र साधारण २०१५ नंतरचं लागतं. मी भंगार योजनेत २,००० पौंड घेऊन गाडी देऊन टाकली. ब्रिटनमध्ये त्या वर्षी विकलेल्या नव्या मोटारींत डिझेलचं प्रमाण शेकड्याला दहाच्याही आत होतं.

तर दोन दिवसांनी मुलीला फोन केला. म्हटलं, "तुझ्या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर नाही, पण तीन प्रश्न आहेत. रोज किती मैल, कुठल्या रस्त्याने, आणि त्या रस्त्यावर कोण राहतं? रोज शंभर मैल मोटरवेवर जाणार असशील तर आजचं डिझेल वाईट नाही, त्यात नायट्रोजनसाठी वेगळं द्रव्य फवारतात आणि आता चाचणी रस्त्यावरही होते. गावातल्या गावात फिरणार असशील तर डिझेलचं नाव काढू नकोस."

"आठ मैल, बाबा. वाटेत दोन शाळा."

"मग पेट्रोल हायब्रिड घे."

"बघा, झालं की एका वाक्यात!" ती म्हणाली. फोन ठेवताना तिने विचारलं, "आजोबांचं ते इंजिन अजून आहे?"

आहे. वीज आल्यापासून बंद आहे, गोठ्याशेजारी गंजत पडलंय. गेल्या खेपेला गेलो तेव्हा हँडल फिरवून पाहिलं. फिरलं नाही. पण हाताला तो वास लागला, आणि संध्याकाळपर्यंत मी हात धुतले नाहीत.