डोके विसरते, हात विसरत नाही

स्मरणशक्ती म्हणजे एक पेटी, ती हरवली की सगळेच गेले, अशी आपली समजूत असते. ही समजूत चुकीची आहे हे ज्यांच्या संशोधनातून दिसले, त्या मानसशास्त्रज्ञ डॉ. ब्रेंडा मिल्नर यांची ओळख आम्ही येथे करून देत आहोत.

१९१८ साली इंग्लंडमधील मँचेस्टर येथे त्यांचा जन्म झाला. केंब्रिजला शिकून १९४४ मध्ये त्या कॅनडात आल्या. माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात डॉक्टरेटचा अभ्यास करतानाच मेंदूचे शल्यविशारद वाइल्डर पेनफील्ड यांचे रुग्ण त्या तपासू लागल्या. त्यांतील दोघांची स्मृती शस्त्रक्रियेनंतर अनपेक्षितपणे खालावली. हे समजताच अमेरिकेतील हार्टफर्डचे डॉ. स्कोव्हिल यांना आपला एक रुग्ण आठवला.

हा रुग्ण म्हणजे हेन्री मोलेसन. फेफऱ्याने बेजार झालेल्या या २७ वर्षांच्या तरुणाच्या मेंदूतून १९५३ मध्ये दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस आणि लगतचा भाग काढला होता. फेफरे कमी झाले, बुद्धी शाबूत राहिली. पण नवी आठवण टिकेना. मिल्नरबाई कितीही वेळा भेटल्या तरी त्याला त्या अनोळखीच वाटत. १९५७ मध्ये स्कोव्हिल आणि मिल्नर यांनी हे सारे प्रसिद्ध केले. अशी शस्त्रक्रिया दोन्ही बाजूंनी करू नये, हा इशाराही त्यातून मिळाला.

पुढे मिल्नरबाईंनी त्याला एक काम दिले. आरशात पाहून ताऱ्याच्या दुहेरी रेषांमधून पेन्सिल फिरवायची. तीन दिवसांच्या सरावात चुका घटत गेल्या, हात सफाईने चालू लागला. आपण हे आधी केले आहे, हे मात्र त्याला आठवत नव्हते. प्रसंगांची आठवण आणि हाताचे कसब मेंदू वेगवेगळ्या वाटांनी जपतो, हे त्यातून उमगले.

२००८ मध्ये मोलेसन वारले, तेव्हा कुठे जगाला त्यांचे नाव कळले. तोवर ते फक्त ‘एच. एम.’ होते. २०१४ मध्ये मिल्नरबाईंना कावली पारितोषिक विभागून मिळाले.

प्रत्येकाचा आजार वेगळा असतो, हे खरे. तरीही सुनेचे नाव विसरलेल्या एखाद्या आजींच्या हाती उकडीची पारी दिली, तर त्यांची बोटे आपोआप कळ्या पाडू लागतात. त्यांना काही कळत नाही म्हणून बाजूला बसवू नये, एवढेच आम्हाला सांगायचे आहे.