ढोकीच्या घरातले पाइप

परवा ढोकीला गेलो, तर नळाला तांबूस पाणी. प्लंबरने जुना जीआय पाइप कापून दाखवला. आत गंज आणि क्षार इतका, की करंगळीही जाईना. अण्णांचं म्हणणं, "चाळीस वर्षं टिकलाय, अजून चालेल."

लोखंडावर जस्त चढवायचं पेटंट फ्रान्सच्या सोरेलने 1837 मध्ये घेतलं. आधी जस्त झिजतं, तोवर लोखंड वाचतं. जस्त संपलं की खेळ खलास! (मलिक अंबरने 17व्या शतकात खडकीला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, पाणी खेळवलं ते बांधीव नहरीतून आणि मातीच्या नळांतून. तिथे गंजाचा प्रश्नच नाही.)

त्यात आमच्या नळाला रोज पाणी कुठलं? सतत भरलेल्या पाइपपेक्षा कधी ओला, कधी कोरडा राहणारा लवकर गंजतो. थोडक्यात, आमचा पाइप दुष्काळानेही खाल्लाय. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला पाणी नेणारी रेल्वे ढोकीवरूनच गेली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर.

हे सगळं अण्णांना ऐकवलं. ते म्हणाले, "मग आधी टाकी मोठी कर."

असो. सीपीव्हीसीचे पाइप सांगितलेत. टाकीचंही बघतोय.